निळ्या वायरचा तुकडा

पॉवर कंडिशनरची पहिली मागणी मी लिहून पाठवली, तेव्हा खरेदी विभागातून फोन आला होता. "पॅनेलला एसी आहे ना? मग आणखी सोळा कंडिशनर कशाला?" मी हसलो खरा, पण ते नेमके काय करतात हे मलाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं. डिझाइनवाल्यांच्या यादीत होते म्हणून मागवत होतो.

मी इन्स्ट्रुमेंटचा माणूस. कोकणातल्या एका एमआयडीसीत, सॉल्व्हंट वापरणाऱ्या रसायन कारखान्यात नोकरी. पहिली दहा वर्षं चार ते वीस मिलिअँपियरवर निघाली. एक ट्रान्समीटर (मोजून आकडा पाठवणारं उपकरण), वायरची एक जोडी, एक आकडा. बिघडलं की मीटर लावायचा, रोगी समोर उभा. २०१३ मध्ये नवा डिस्टिलेशन प्लांट उभा राहिला आणि त्यात फाउंडेशन फील्डबस आली. एकाच जोडीवर बारा उपकरणं. त्याच जोडीतून त्यांची वीज आणि त्याच जोडीतून त्यांचं आपसांतलं बोलणं, सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने. माझ्या साध्या मीटरला त्यातली फक्त वीज दिसायची.

माल यायच्या आधी वर्कशॉपमध्ये एक प्रयोग करून पाहिला. टेबलावर नेहमीचा २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), दोन टर्मिनेटर, एक प्रेशर ट्रान्समीटर आणि कंट्रोल सिस्टिमचं कार्ड. कंडिशनर अजून आले नव्हते, म्हणून एसएमपीएस थेट जोडला. ट्रान्समीटरचा डिस्प्ले झकास लागला, आकडाही दिसला. संगणकावर मात्र उपकरणांची यादी कोरीच. पोलॅरिटी तपासली, केबल बदलली, ट्रान्समीटर बदलला. यादी कोरी ती कोरीच. अख्खा दिवस त्यात गेला.

कारण दुसऱ्या दिवशी कळलं आणि ते कळल्यावर पुढचं बरंच काही आपोआप उलगडत गेलं. फील्डबसचं उपकरण बोलतं म्हणजे काय करतं, तर स्वतः घेत असलेला करंट साधारण दहा मिलिअँपियरने वर-खाली करतं. लाइनीच्या दोन टोकांना १०० ओहमचे दोन टर्मिनेटर असतात, ते दोन्ही मिळून ५० ओहम. करंटचा तो चढउतार ५० ओहमवर पडला की पाऊण ते एक व्होल्टची लाट तयार होते आणि बाकीची उपकरणं ती ऐकतात. आता एसएमपीएसचं सगळं पुण्य कशात, तर व्होल्टेज जराही हलू न देण्यात. त्याला ती लाट म्हणजे घाण वाटते आणि तो ती गिळून टाकतो. म्हणजे एसएमपीएस जितका चांगला, तितकं उपकरणांचं तोंड बंद. कंडिशनर या दोघांच्या मधे बसतो. वीज सरळ जाऊ देतो, पण लाटेला पलीकडे जाऊ देत नाही.

हे मी आमच्या पॅनेल वायरमन काकांना सांगत होतो. त्यांनी क्रिम्पिंगची पक्कड हातातून खाली न ठेवता ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे उंबरठा की ओ. माणूस ये-जा करतो, रांगतं पोर बाहेर जात नाही." पुढे सगळ्या ट्रेनींना मी हेच वाक्य सांगत आलोय.

अगदी साधा उंबरठा बनवायचा तर एक कॉइल आणि ५० ओहमचा रेझिस्टन्स पुरतो. पूर्वी तसे बनतही असत. पण बारा उपकरणं प्रत्येकी वीस मिलिअँपियर घेतात असं धरलं तर २४० मिलिअँपियर होतात, आणि त्या रेझिस्टन्समध्येच १२ व्होल्ट जळून जातात. म्हणून आमचे इलेक्ट्रॉनिक होते, बाहेर २८ व्होल्ट देणारे. आमची सगळ्यात लांब ट्रंक (मुख्य) केबल ५५० मीटर. या केबलचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स किलोमीटरला ४४ ओहम, म्हणजे आपल्या लांबीला २४. २४० मिलिअँपियरला वाटेत पावणेसहा व्होल्ट गळणार आणि शेवटच्या जंक्शन बॉक्सला बावीसच्या आसपास पोचणार. उपकरणाला किमान ९ लागतात. कागदावर सगळं ऐसपैस होतं.

बसवायचं काम दिवाळीनंतर सुरू झालं. आठ सेगमेंट (एक ट्रंक आणि तिच्यावरची उपकरणं म्हणजे एक सेगमेंट), प्रत्येकाला दोन-दोन कंडिशनर मॉड्यूल, एक गेलं तर दुसरं भार उचलणार. शिवाय पुढच्या विस्तारासाठी एका सेगमेंटची जागा मोकळी. मॉड्यूल ज्यावर बसतात त्या मागच्या कॅरिअरला ए आणि बी असे दोन पुरवठे. मी ड्रॉइंग बघून सही करणार, इतक्यात काकांनी विचारलं, "साहेब, हे दोन एसएमपीएस वेगळे, मान्य. पण दोघांची पोटं भरणारा एमसीबी एकच आहे ना?" खरंच एकच होता. दोन मॉड्यूल, दोन एसएमपीएस, आणि मुळाशी दहा अँपियरचा एकटा एमसीबी. तो दुसऱ्या यूपीएसच्या बोर्डावर नेण्यात आठवडा गेला. प्रोजेक्टवाले कुरकुरले.

केबल तपासायच्या कामात एक नियम मी फार कडक पाळला: मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावायचा तर दोन्ही टोकं सुटी. कंडिशनर आणि उपकरणं जोडलेली असताना पाचशे व्होल्टचा मेगर लावणं म्हणजे स्वतःच्या हाताने विष घालणं. दुसऱ्या एका प्लांटमध्ये कंत्राटदाराच्या पोरांनी ते केलेलं मी पाहिलं होतं. नंतर साध्या मल्टिमीटरने प्लस ते शिल्ड (केबलमधलं धातूचं वेष्टन), मायनस ते शिल्ड, दोन्ही ते अर्थ. सगळीकडे वीस मेगाओहमच्या वर हवं. शिल्ड अर्थला फक्त एका ठिकाणी, पॅनेलमध्ये. फील्डमध्ये शिल्ड कापून, टेप लावून ठेवायचा. फिटर मंडळींना हे पटत नाही. त्यांचा हात आपोआप अर्थ बोल्टकडे जातो, कारण वीस वर्षं त्यांना दोन्हीकडे अर्थ करायलाच शिकवलेलं असतं.

टर्मिनेटर मोजायची एक युक्ती याच दिवसांत सापडली. टर्मिनेटरमध्ये १०० ओहमच्या जोडीला एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. पुरवठा बंद, ट्रंक पॅनेलमधून सुटी, मीटर कपॅसिटन्सवर ठेवून फील्डकडे पाहायचं. एक मायक्रोफॅरडच्या आसपास दिसलं तर तिकडे एक टर्मिनेटर आहे. सेगमेंट तीनला दोन दिसले. जंक्शन बॉक्सपर्यंत चालत गेलो तर शेवटच्या कपलरवरचा (ट्रंकवरून उपकरणांकडे फांद्या काढणाऱ्या ठोकळ्यावरचा) टर्मिनेटरचा स्विच चालू होताच, मधल्या कपलरवरचाही चालू. पॅनेलमधला धरून तीन झाले. तसंच सोडलं असतं तर पन्नासचे तेहतीस ओहम झाले असते आणि लाट तेवढ्याच प्रमाणात बसली असती. सेगमेंट चालला असता, हीच त्यातली गंमत. फील्डबस एकदम मरत नाही. ती खूप दिवस तब्येत लपवते.

आता त्या निळ्या वायरबद्दल, म्हणजे जंपरबद्दल.

प्रत्येक मॉड्यूलमध्ये अलार्मचा एक काँटॅक्ट असतो, सगळं ठीक असताना मिटलेला. ते सगळे एकापुढे एक साखळीत. कोणतंही मॉड्यूल गेलं की साखळी तुटते आणि कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजतो. आमच्या पॅनेलमध्ये ती साखळी पहिल्या दिवसापासून तुटलेलीच होती, कारण मोकळ्या दोन जागांसाठी जे डमी मॉड्यूल लागतात ते आलेच नव्हते. कमिशनिंगचा आठवडा, कंट्रोल रूममध्ये अलार्म सतत लाल, ऑपरेटर वैतागलेला. कुणीतरी मार्शलिंगच्या टर्मिनलवर (जिथे पॅनेलच्या वायरी एकत्र येतात) चार बोटं लांबीची निळी वायर टाकून अख्ख्या साखळीची दोन टोकं परस्पर जोडून दिली. अलार्म गप्प. डमी आले की काढू, असं ठरलं.

डमी दोन महिन्यांनी आले. स्टोअरमध्ये गेले.

चार वर्षं सगळं सुरळीत चाललं. इतकं की आठ नंबरचं पॅनेल महिन्यात एकदा उघडलं तरी पुष्कळ. २०१७ च्या ऑगस्टमध्ये प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सची पाळी आली. आमच्या चेकलिस्टमध्ये कुणीतरी हौसेने लिहून ठेवलं होतं: मॉड्यूल बाहेर काढून मागचे काँटॅक्ट साफ करणे. चालू प्लांटमध्ये काढता येतं, त्यासाठीच तर दोन असतात. शिफ्ट इनचार्जला सांगितलं, परमिट घेतलं, पॅनेल उघडलं. सेगमेंट एक ते चार व्यवस्थित झाले. पाचव्याचं ए बाजूचं आधी काढायचं, पण त्याच्या समोर केबल डक्टचं झाकण लोंबत होतं, म्हणून म्हटलं आधी बी. स्क्रू सैल केला आणि ओढलं.

आवाज काहीच झाला नाही. पाच-सहा सेकंदांनी खिशातला वॉकीटॉकी ओरडला.

ए बाजूचं मॉड्यूल मेलेलं होतं. कधीपासून, देव जाणे. त्याचा दिवा विझलेला होता आणि तो मला दिसायला हवा होता. पण ओळीने पंधरा हिरवे दिवे दिसले की सोळावा डोळा स्वतःच लावून घेतो. मी मॉड्यूल लगेच परत दाबलं. वीज आली, पण बारा उपकरणं नव्याने सुरू होऊन, एकमेकांना ओळखून, बोलायला लागेपर्यंत मिनिटभर गेलं. तेवढ्यात रिबॉयलरचा, म्हणजे डिस्टिलेशन कॉलमला तळातून उष्णता देणाऱ्या भागाचा, स्टीम व्हॉल्व्ह बंद झाला होता. त्याची रचनाच तशी, हवा-वीज गेली की बंद, आणि ते बरोबरच आहे. कॉलम थंडावला, आतला समतोल मोडला. माल पुन्हा ठरलेल्या शुद्धतेला यायला पाच तास लागले. तोवरचा सगळा माल टाकीत परत फिरवावा लागला.

एक गोष्ट त्या दिवशी विशेष खुपली. प्लांट घेताना आम्हाला अभिमानाने सांगितलं होतं की फील्डबसमध्ये कंट्रोल थेट व्हॉल्व्हमध्येच चालवता येतो, वरचं कार्ड गेलं तरी खाली ट्रान्समीटर आणि व्हॉल्व्ह आपसांत बोलून गाडी हाकतात. खरंच आहे ते. कार्डही आम्ही दोन-दोन घेतली होती. पण घरातली वीजच गेल्यावर कोण कुणाशी बोलणार? सगळी हुशारी त्या दोन ठोकळ्यांवर उभी होती आणि त्यातला एक केव्हाचा आडवा झालेला.

प्रॉडक्शनचे साहेब आले. ओरडले नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाले, "अलार्म का नाही आला, एवढंच मला सांगा."

संध्याकाळी टर्मिनल टर्मिनल तपासत गेलो तेव्हा ती निळी वायर सापडली. धूळ बसून राखाडी झाली होती. मग कमिशनिंगची लॉगबुकं काढली. कंत्राटदाराच्या माणसाचं काम असणार, असं मी मनात पक्कं धरून बसलो होतो. नोंद सापडली: "कंडिशनर अलार्म तात्पुरता जंपर केला. डमी आल्यावर काढणे." अक्षर माझं होतं. सहीही माझीच.

साहेबांना तसंच सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली आणि अहवालात लिहायला सांगितलं. डमी स्टोअरमधून शोधून काढायला दोन दिवस लागले. खोक्यावर "एसी पार्ट" असं लिहिलेलं होतं.

मेलेलं मॉड्यूल उघडून पाहिलं. कंपनीने बदलून दिलं असतं, पण मला बघायचंच होतं. मागच्या कनेक्टरवर काळपट थर. सॉल्व्हंट आणि गंधकाची वाफ असलेली हवा, त्यात कोकणातला दमटपणा. चांदीच्या काँटॅक्टचं काय होतं ते आमच्या घरातल्या देवघरात रोज दिसतं. इन्स्ट्रुमेंटवाले अशा हवेची जी१ (सौम्य) ते जीएक्स (सगळ्यात वाईट) अशी प्रतवारी करतात. तांब्या-चांदीच्या पट्ट्या महिनाभर खोलीत टांगून त्यांवर किती थर चढला ते मोजतात. आम्हीही मग पट्ट्या टांगल्या. पॅनेल रूम जी२ मध्ये निघाली. एसीच्या ताज्या हवेच्या वाटेवरचा रासायनिक फिल्टर कधी बदलला होता, ते कुणालाच आठवेना. त्यामुळे खरेदी विभागाचा तो पहिला फोन इतका काही चुकीचा नव्हता म्हणायचा. कंडिशनर टिकवायला शेवटी एसीच लागला.

त्यानंतर चेकलिस्ट मी नव्याने लिहिली. मॉड्यूल काढून साफ करणं हे पहिल्यांदा खोडलं. जे नीट बसलेलं आहे त्याला उगाच हात लावू नये. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी हातातल्या फील्डबस टेस्टरने आठही सेगमेंटचं व्होल्टेज, लाटेची उंची आणि नॉइज (लाइनीवरची खरखर) घेऊन वहीत लिहायचं. एक आकडा एकटा काही सांगत नाही, मागच्या ओळीतल्या आकड्याशेजारी ठेवला की बोलतो. नॉइजला ७५ मिलिव्होल्टची मर्यादा आहे, आमच्याकडे एरवी पंधरा-वीस असतो.

या वहीने पहिली किंमत वसूल केली ती २०१९ च्या जुलैत. सेगमेंट दोनचा नॉइज १८ वरून ५५ वर गेला होता. मर्यादेच्या आत, कंट्रोल रूममध्ये एकही तक्रार नाही. टेस्टर मात्र मायनस आणि शिल्डमध्ये गळती दाखवत होता. पूर्वीचा मी असतो तर कंडिशनर बदलला असता. सगळे आधी तेच करतात, कारण तो हाताशी असतो आणि बदलायला दोन मिनिटं लागतात, पावसात भिजावं लागत नाही. पण तो सेगमेंट त्या गळतीतही चालत होता, तो कंडिशनरच्याच कृपेने. त्याचं बाहेरचं टोक अर्थपासून पूर्ण तोडलेलं असतं, म्हणून एका ठिकाणी वायर जमिनीला टेकली तरी करंटला परतीचा रस्ता मिळत नाही. दुसऱ्या ठिकाणी टेकली की मग खेळ संपला. आणि सगळे सेगमेंट एकमेकांपासूनही तोडलेले, म्हणून एकाचा आजार दुसऱ्याला लागत नाही.

रेनकोट चढवून, गॅस टेस्ट करून, परमिट घेऊन एकेक बॉक्स उघडत गेलो. ट्रंकवर ऊर्जा जास्त असते, सॉल्व्हंटच्या भागात तिला उघड्यावर हात लावता येत नाही, म्हणून ही मिरवणूक. तिसऱ्या मजल्यावरच्या बॉक्सच्या तळाशी दोन बोटं पाणी होतं. केबल वरून सरळ ग्लँडमध्ये (बॉक्समध्ये शिरायच्या तोंडात) उतरत होती आणि पागोळीसारखं पाणी तिच्या अंगावरून आत जात होतं. ठार शॉर्ट झाला असता तर कपलरने ती एक स्पर (उपकरणाकडे जाणारी फांदी) बाजूला काढली असती, साठेक मिलिअँपियरवर आवळून. पाण्याची गळती मात्र शॉर्ट नव्हे, ओल आहे. कपलरला ती कळत नाही. बॉक्स पुसला, टर्मिनल बदललं, ग्लँड खालच्या बाजूला घेतली आणि केबलला आत शिरण्याआधी खाली झोल दिला, म्हणजे पाणी तिथून टपकून जाईल. दुसऱ्या दिवशी नॉइज १९.

हल्ली नव्या प्लांटसाठी इथरनेट-एपीएलची चर्चा असते. तीच दोन वायरची केबल, वेग सेकंदाला १० मेगाबिट, २०२१ मध्ये बाजारात आलं. त्यात कंडिशनरचं काम वेगळ्या जातीच्या स्विचमध्ये गेलंय. येऊ दे. पण ग्लँडमधून पाणी तसंच येणार आणि अलार्मच्या टर्मिनलवर जंपर टाकणारा हातही तिथे असणारच.

निळ्या वायरचा तो तुकडा मी टाकला नाही. पॅनेलच्या दाराला आतून सेलोटेपने चिकटवून ठेवलाय. काका निवृत्त होताना म्हणाले, "फ्रेम करा की साहेब."

दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, अलार्मची तपासणी असते. आधी सोळाही दिवे बोटाने मोजायचे, मोठ्याने. मग मोकळ्या जागेतलं एक डमी काढायचं. चालू सेगमेंटला धक्का नाही, साखळी मात्र तुटते. कंट्रोल रूमला आधी कळवायचं नाही, एवढी सूट मी प्रॉडक्शनकडून लेखी मागून घेतली आहे. यंदा ते काम नव्या ट्रेनी मुलीला दिलं. तिने दिवे मोजले, डमी ओढलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे. बावीस सेकंद झाली आणि पॅनेल रूमचा फोन वाजला.

"सर, आठ नंबर पॅनेलचा कंडिशनर अलार्म आलाय. तुम्ही लोक तिथे काही करताय का?"

"हो," ती म्हणाली, "लावते परत."